बंदिवानांचे बंदर

मागे एका डिसेंबर महिन्यात मी रत्नागिरीच्या बसस्थानकावर भाच्याची वाट पाहत उभा होतो. भाचा पुण्याहून यायचा होता, गाडी रिवाजाप्रमाणे उशिरा होती आणि माझा चहाचा दुसरा पेला संपत आला होता. इतक्यात साठीच्या घरातले एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ठेंगणी, नीटस मूर्ती. अंगात पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, चेहरेपट्टी पूर्वेकडची. त्यांनी सावकाश, शब्द वेचीत, इंग्रजीत विचारले, "आमच्या राजाची समाधी कोठे आहे?"

रत्नागिरी माझे आजोळ. लहानपणच्या साऱ्या सुट्ट्या येथल्या माडांखाली गेलेल्या. तेव्हा मी मोठ्या जाणतेपणाने पुढे झालो, रिक्षा थांबविली, थिबा राजवाड्यावर सोडायला सांगितले आणि भाडे किती द्यावे हेही त्या गृहस्थांना बजावले. त्यांनी किंचित वाकून आभार मानले. रिक्षा वळणाआड गेली आणि मग माझ्या ध्यानात आले, की त्यांनी राजवाडा विचारलाच नव्हता. समाधी विचारली होती. आणि समाधी कोठे आहे हे मला ठाऊक नव्हते. साठ-पासष्ट वर्षे मी या गावात येतो-जातो आहे; माझे पाय तिकडे एकदाही वळले नव्हते.

भाचा उतरला तो हातात फोन घेऊनच. फोनमध्ये यादी होती: थिबा पॉइंट, मांडवी, भाट्ये, किल्ला, दुपारी मासळीचे जेवण, संध्याकाळी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे. "मामा, एका दिवसात रत्नागिरी उरकते," तो म्हणाला. त्याला बोल लावण्याचा मला अधिकार नव्हता. त्याने निदान यादी तरी केली होती. मी तेवढेही केले नव्हते.

पण त्या सकाळपासून एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. रत्नागिरी पाहायला येणारे लोक जे पाहायला येतात – तिन्ही बाजूंनी वेढणारा समुद्र, पाठीशी सह्याद्री, मध्ये खाड्यांनी कातरलेली जांभ्याची सडे-पठारे – तेच सारे पाहून इंग्रजाने हे गाव निवडले होते. मात्र निवडले ते माणसे आणून ठेवण्यासाठी. ज्यांना मारता येत नाही आणि मोकळेही सोडता येत नाही, अशा माणसांसाठी. येथला देखावा आणि येथली कैद यांची सामग्री एकच आहे. हे एकदा ध्यानात आले, की रत्नागिरी पाहण्याची रीतच बदलते. ती रीत थोडीशी सांगावी, एवढ्यासाठी हा लेख.

पहिली सूचना पोहोचण्याविषयी. आज रत्नागिरीला येणे अगदी सोपे झाले आहे. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. मुंबईकडून येताना रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो. चांगला साडेसहा किलोमीटर लांबीचा. गाडी त्या अंधारात शिरली, की सामान आवरायला घ्यावे. पावसाळ्यात या मार्गाच्या गाड्यांचे वेळापत्रक वेगळे असते, वेग कमी ठेवलेला असतो. तेव्हा परतीच्या गाडीला पुढची गाडी जोडून घेताना हात राखूनच बेत करावा. मोटारीने येणाऱ्यांनी गोव्याच्या हमरस्त्यावर हातखंब्याला पश्चिमेकडे वळावे; कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून यावे, आणि शक्य तर दिवसाउजेडी उतरावे. तो घाट पाहण्यासारखा आहे, अंधारात दवडण्यासारखा नाही.

पण येथे कसेही आलात तरी पहिल्यांदा मांडवीच्या जेटीवर जाऊन उभे राहा. कारण हे गाव मुळात समुद्राकडून पोहोचण्याचे आहे. माझ्या लहानपणी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसत असू. रात्रभर ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या रिकाम्या करंड्या आणि ओकणारी माणसे यांच्यामधून पाय ठेवायला जागा नसे. आईला बोट लागे. ती पदर तोंडावर घेऊन पडून राही, आणि आजी तिला आल्याचा तुकडा चघळायला देई. रत्नागिरीला बोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर समुद्रात उभी राही आणि पडाव तिच्या अंगाला येऊन भिडत. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी ओरडे, "टाक उडी!" आणि पोराला वरून अल्लद झेली. त्या क्षणभरात खाली दिसणारे हिरवेकाळे पाणी मी अद्याप विसरलेलो नाही. आणि एकदा पावसाळा लागला, की बोटी बंद. मग चार महिने रत्नागिरी जगापासून तुटलेली. आजी म्हणे, "आता पत्र आले तर आले."

हे तुटलेपण ज्याच्या वाट्याला तीस वर्षे आले, तो ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ सालच्या नोव्हेंबरात इंग्रजी फौज इरावती नदीतून वर चढली आणि दोनएक आठवड्यांत मंडाले पडले. पुढच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी ब्रह्मदेश इंग्रजी साम्राज्याला जोडल्याचे जाहीर झाले. तो दिवस नेमका राजाच्या वाढदिवसाचाही होता. राजा सत्तावीस संपून अठ्ठाविसाव्या वर्षात पदार्पण करीत होता. त्याला, राणी सुपयालतला, धाकटी राणी सुपयागले हिला आणि लहान मुलींना प्रथम मद्रासला आणून ठेवले, आणि १८८६ च्या एप्रिलात बोटीने रत्नागिरीस उतरविले. एप्रिल म्हणजे बोटी बंद व्हायला महिना-दीड महिना उरलेला. मुंबई इलाख्याच्या सरकारला याहून सोईची जागा मिळणे कठीण होते. आगगाडी नाही, मोठी पेठ नाही, राजाची भाषा जाणणारा माणूस नाही, त्याच्या धर्माचा विहार नाही.

राजा निष्पाप होता असे नव्हे. १८७८ साली गादीवर आल्यावर थोड्याच महिन्यांत मंडालेच्या वाड्यात त्याच्या भाऊबंदांची मोठी कत्तल झाली. ती त्याच्या नावावर आहे, आणि इंग्रजांनी पुढे तिचा डांगोराही भरपूर पिटला. पण त्याचे राज्य गेले ते त्या पापामुळे नव्हे. सागवानाचा व्यापार आणि फ्रेंचांची धास्ती ही खरी कारणे. रत्नागिरीला राजा सरकारी तनख्यावर राहिला. तनखा पुरत नसे, कर्जे होत, बरोबर आणलेले जडजवाहीर एकेक करून विकले जाई. मंडालेहून निघताना ज्या माणसाच्या छत्रचामरांना मोजदाद नव्हती, तो येथे परवानगीवाचून आपल्या आवाराबाहेर फिरू शकत नव्हता.

आज ज्याला आपण थिबा राजवाडा म्हणतो, तो राजा आल्याबरोबर त्याच्यासाठी बांधला अशी अनेकांची समजूत असते. माझीही होती. वस्तुतः त्याची पहिली चोवीस वर्षे दुसऱ्या बंगल्यांत गेली. हा वाडा सिद्ध झाला १९१० साली, आणि राजाला तो जेमतेम सहा वर्षे लाभला. १९१६ च्या डिसेंबरात तो वारला.

वाडा मात्र पाहावा. तीन मजली, उतरत्या छपरांचा, कमानदार लाकडी खिडक्यांचा. आत पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय आहे. सुटीचा वार आधी विचारून घ्यावा, नाहीतर फाटकापर्यंतची रिक्षा फुकट जाते. सकाळी जावे. दुपारचे ऊन जांभ्यावर चढले, की त्या सड्यावर उभे राहवत नाही. मागच्या बाजूची बुद्धमूर्ती चुकवू नये. आणि वरून पश्चिमेकडे पाहावे. खाली भाट्याची खाडी, पलीकडे सुरूचे बन, मग वाळूची रेघ, मग समुद्र. राजा येथून दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी न्याहाळी, असे रत्नागिरीत सांगतात. अमिताव घोषांच्या 'द ग्लास पॅलेस' या २००० साली निघालेल्या कादंबरीमुळे ती दुर्बीण आता जगभर झाली आहे.

यातली एक गंमत, गंमत कसली, दैवाची थट्टाच, मला फार उशिरा उमगली. मंडालेचा मूळ राजवाडा सागवानी होता. १९४५ साली महायुद्धात तो जळून गेला. आज तेथे आहे ती नंतर उभारलेली प्रतिकृती. म्हणजे थिबा ज्यात राज्य करीत होता तो वाडा राहिला नाही, आणि ज्यात बंदी होता तो मात्र चिरेबंदी उभा आहे.

आता राजवाड्यावरून खाली गावात उतरावे आणि टिळक आळी विचारावी. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, याच गावचा. कौलारू घर आहे, आवारात झाडे आहेत, फार वेळ लागत नाही. टिळक दहा वर्षांचे असताना वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब पुण्याला गेले, त्यामुळे या घरात त्यांच्या कर्तृत्वाच्या खुणा शोधू नयेत. येथे यायचे ते निराळ्या कारणासाठी. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ठेवले मंडालेच्या तुरुंगात. तो तुरुंग मंडालेच्या किल्ल्यात, म्हणजे थिबाच्या राजधानीच्या तटाआड होता. १९१० सालचा हिवाळा घ्या. रत्नागिरीचा मुलगा मंडालेच्या राजाच्या किल्ल्यात पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत बसला आहे. आणि मंडालेचा राजा रत्नागिरीच्या सड्यावर सरकारने बांधून दिलेल्या नव्या वाड्यात आपली चीजवस्तू लावतो आहे. दोघांचा कारभार एकाच सरकारच्या हाती. टिळक १९१४ साली सुटून आले. राजाला सुटण्याची तारीखच नव्हती.

हे मी भाच्याला टिळकांच्या अंगणात सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि बहादूरशहा?" पोरगा वाटला त्याहून वाचणारा निघाला. खरेच, दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला १८५८ साली रंगूनला धाडले होते. तो तेथेच १८६२ साली वारला. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशचा राजा हिंदुस्थानात, अशी ही फिरवाफिरव. राजा वारल्यावर राणी सुपयालत १९१९ साली मायदेशी परतली, पण मंडालेला नव्हे, रंगूनला. तेथे १९२५ साली तिचा अंत झाला. आज तिची समाधी आणि बादशहाचा दर्गा, दोन्ही रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या आसपासच आहेत.

रत्नागिरीच्या बंदिवानांत सावरकरही येतात. अंदमानहून परत आणल्यावर काही काळ ते येथल्या तुरुंगात होते, आणि १९२४ ते १९३७ पर्यंत जिल्ह्याबाहेर जायचे नाही, राजकारण करायचे नाही, या अटींवर त्यांना येथे राहावे लागले. गांधीजी १९२७ साली रत्नागिरीस आले तेव्हा त्यांची भेट घेऊन गेले. त्या वर्षांतल्या सुधारणेच्या कामाची खूण म्हणजे पतितपावन मंदिर. सर्व जातींना खुले असलेले हे देऊळ भागोजीशेठ कीर यांनी १९३१ साली बांधून दिले. स्वतः गरिबीतून वर आलेला हा भंडारी गृहस्थ. किल्ल्याच्या वाटेवरचे भागेश्वराचे देऊळही त्यांचेच. देवळे पाहणारे पुष्कळ असतात. भागोजीशेठांचे नाव विचारणारे थोडे. आपण विचारावे.

दुपारचे जेवण. रत्नागिरीत जेवणाविषयी सल्ला देणे हे धाडसाचे काम आहे, कारण येथे प्रत्येकाला आपल्याच घरची सोलकढी खरी वाटते. एवढेच सांगतो: जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेने येऊ नये, आणि हापूस हवा असेल तर एप्रिल-मे गाठावा, त्याआधी पेठेत जो 'पहिला आंबा' म्हणून मिळतो त्याला किमतीखेरीज दुसरा गुण नसतो. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या लागल्या, की लिलाव सुरू होतो. नाकाला सोसत असेल तर तो अवश्य पाहावा. बोलणाऱ्या बायकांचा हिशेब पाहून बँकेतला मनुष्य ओशाळतो.

तेथून किल्ला जवळच. रत्नदुर्ग हा डोंगरी किल्ला म्हणावा तर पायाशी समुद्र, आणि जलदुर्ग म्हणावा तर जमिनीला जोडलेला. घोड्याच्या नालेसारखा आकार, आत भगवतीचे देऊळ, एका टोकाला दीपगृह. शिवाजीमहाराजांनी तो घेतला, पुढे आंग्र्यांच्या काळात त्याला मोल चढले. इतिहास एवढा पुरे. येथे इतिहासापेक्षा डोळ्यांचे काम अधिक आहे. तटावर उभे राहून आधी एका अंगाला पाहावे, मग दुसऱ्या. एका बाजूची वाळू पांढरी, दुसऱ्या बाजूची काळी. रत्नागिरीकर त्यांना सरळ पांढरा समुद्र आणि काळा समुद्र म्हणतात. मध्ये फक्त हा डोंगर. लहानपणी आजी आम्हांला काळ्या समुद्रावर पोहू देत नसे. का, ते तिने कधी सांगितले नाही. तटावर कठड्याचा भरवसा धरू नये, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर फोटोसाठी पाय ठेवू नये. समुद्राच्या बाबतीतही तेच: कोळी जेथे उतरत नाहीत तेथे आपण उतरू नये.

संध्याकाळी आम्ही मांडवीला आलो. गणपतीपुळे भाच्याने आपण होऊन दुसऱ्या दिवसावर टाकले होते. जेटीवर भेळेच्या गाड्यांपाशी गर्दी होती, सूर्य खाली चालला होता. आणि कठड्याशी ते सकाळचे गृहस्थ उभे होते. मला पळून जावेसे वाटले. पण त्यांनीच ओळखले, हात जोडले. मी चूक कबूल केली. ते हसले. "राजवाडाही पाहायचा होताच," म्हणाले. "समाधी मग मला एका शाळकरी मुलाने दाखविली." ते मंडालेचे. निवृत्त शिक्षक. आयुष्यात एकदा येथे यायचे, असे त्यांच्या वडिलांच्या मनात होते; ते राहून गेले म्हणून हे आले.

मी त्यांना दुर्बिणीची गोष्ट सांगितली. समुद्राकडे हात करून म्हटले, राजा येथूनच पाहत असे. त्यांनी त्या दिशेला बराच वेळ पाहिले, मग मागे वळून गावाकडे, डोंगराकडे बोट केले.

"पण आमचा देश त्या बाजूला आहे," ते म्हणाले.

मी इतकी वर्षे ती गोष्ट ऐकत, सांगत आलो. हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. पश्चिमेच्या समुद्रात अरबस्तान आहे, आफ्रिका आहे. राजा तीस वर्षे आपल्या देशाकडे पाठ करून क्षितिज न्याहाळीत होता. दुसरीकडे पाहायला त्याला सह्याद्री आडवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला घेऊन मी समाधीवर गेलो. ती शिवाजीनगर भागात आहे. नव्या घरांच्या दाटीत एक आवार, त्यात जांभ्याच्या दोन समाध्या: मोठी राजाची, धाकटी सुपयागले राणीची. ती राजाच्या आधी, १९१२ साली गेली. राजाचा देह मायदेशी नेऊ द्यावा म्हणून सुपयालत दोन वर्षांहून अधिक काळ सरकारशी झगडत राहिली. सरकारने ऐकले नाही, आणि १९१९ साली दोघांना येथेच ठेवून ती निघून गेली. त्यानंतर ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षे या जागेची आठवण फारशी कोणाला झाली नाही. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन येथे येऊन गेले, आणि २०१६ च्या डिसेंबरात, राजाच्या शंभराव्या स्मृतिदिनी, त्याचे वंशज आले.

वंशज दूर देशातच होते असे मात्र नाही. राजाच्या थोरल्या मुलीचे वाड्यावरच्या एका विवाहित मराठी चाकराशी सूत जमले, तिला मुलगी झाली. तिचे नाव टूटू. कुटुंबाबरोबर थोरली राजकन्या ब्रह्मदेशी गेली खरी, पण मुलीला घेऊन रत्नागिरीला परतली आणि १९४७ साली येथेच, हालअपेष्टांत वारली. टूटू येथल्याच माणसाशी लग्न करून येथल्याच बायकांसारखी राहिली. मराठी बोलली, शेण्या थापल्या, कागदी फुले करून विकली, पोरे वाढविली. ती २००० सालापर्यंत होती. म्हणजे मी भाट्याच्या वाळूत शिंपले वेचीत होतो, मांडवीला भेळ खात होतो, त्या साऱ्या काळात मंडालेच्या राजाची नात याच गावात बाजारहाट करीत होती. कोणी सांगावे, आजीने आमच्या गौरीसाठी कागदी फुले कोणाकडून घेतली असतील.

समाधीच्या चौथऱ्यावर आदल्या दिवशीच्या उदबत्त्यांच्या काड्या होत्या आणि शेवंतीची थोडी फुले. भाच्याने फोन काढला, पण फोटो घेतला नाही. त्याच्या यादीत ही जागा नव्हती, ती लिहून घेतली.

तुम्ही जाल तेव्हा रिक्षावाल्याला 'थिबाची समाधी' असे स्पष्ट म्हणा. नुसते 'थिबा' म्हटलेत, तर तो माझ्यासारखाच तुम्हांला राजवाड्यावर नेऊन सोडील.